कपाटातली किल्ली

पडद्यावर शेवटची ओळ उमटली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. त्यानंतर काहीच हलेना. फक्त कीबोर्डावरचा कॅप्स लॉकचा दिवा एका लयीत उघडझाप करत राहिला. बिघडलेले यंत्र सहसा गप्प बसते. हे मात्र डोळे मिचकावत होते आणि मी त्याच्यापुढे गार झालेल्या चहाचा कप धरून बसले होते.

गणपतींचे विसर्जन होऊन आठवडा झाला होता. पाहुणे परतले होते, हातात अनुवादाचे एकच काम होते आणि त्याचीही मुदत लांब होती. अशा मोकळ्या संध्याकाळी माणसाने मसाल्याचे डबे घासावेत किंवा जुनी बिले फाडावीत. मी लॅपटॉपवरच्या डेबियन या लिनक्स कार्यप्रणालीची १२ वी आवृत्ती काढून डेबियन १३ चढवायला घेतला. ९ ऑगस्ट २०२५ ला तो प्रसिद्ध झाला होता आणि महिनाभर मी त्याकडे दुरूनच पाहत होते. लॅपटॉप २०१९ सालचा. तेव्हा त्यावर डेबियन १० होता, मग ११ आला, मग १२. प्रत्येक वेळी एका बैठकीत, एका चहात काम झालेले. त्यामुळे या वेळी सूचना वाचायच्या राहिल्या असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या वाचाव्यात असे मला वाटलेच नाही.

या बदलात लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्रसामग्री आणि आपले कार्यक्रम यांच्यामध्ये उभा असलेला मूळ कारभारी, ६.१ वरून ६.१२ वर जाणार होता. ‘आज कर्नल बदलायचाय’ असे मी जेवताना म्हणाले तेव्हा आईने पोळी वाढता वाढता ‘कुणाची बदली झाली?’ असे विचारले होते. सातारा जिल्ह्यात कर्नल या शब्दाचा दुसरा अर्थ आधी लागतो, त्याला इलाज नाही.

अपग्रेड जवळजवळ शेवटापर्यंत आला आणि मध्येच ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी ओळ येऊन थांबला. मला नवल वाटले, कारण डिस्कवर दोनशे गीगाबाइट जागा मोकळी होती. पाहिले तर भरले होते ते ‘बूट’ नावाचे छोटे पार्टिशन, म्हणजे डिस्कवर वेगळा आखलेला कप्पा. माझी डिस्क कूटबद्ध आहे, म्हणजे पासफ्रेज हा लांब पासवर्ड दिल्याशिवाय ती वाचता येत नाही. लॅपटॉप घेऊन सातारा-पुणे एसटीने फिरणाऱ्या माणसाने ती तशी ठेवावीच. पण कुलूपबंद डिस्कच्या बाहेर काहीतरी उघडे ठेवावे लागते, नाहीतर संगणक सुरू तरी कुठून होणार? ते उघडे ओसरीवजा पार्टिशन माझ्याकडे २३६ मेगाबाइटचे होते. २०१९ मध्ये इन्स्टॉलरने ते आपणहून आखले होते आणि मी ‘पुढे’ म्हटले होते.

त्या ओसरीवर दोन जुन्या कर्नलांचे सामान होते. प्रत्येकाची ‘व्हीएमलिनझ’ नावाची एक फाइल, आठेक मेगाबाइटची, आणि ‘इनिटआरडी’ नावाची दुसरी, सत्तर मेगाबाइटच्या आसपास. व्हीएमलिनझ म्हणजे खुद्द कर्नल, हे मला ठाऊक होते. इनिटआरडी म्हणजे कर्नलाबरोबर येणारे काहीतरी, एवढेच माझे ज्ञान, आणि ते अठरा वर्षे तेवढेच राहिले होते. वरातीत नवरदेवाबरोबर एक करवली असते, तसे काहीतरी असावे असा माझा समज होता. मी हिशेब केला: कर्नल छोटा, तो राहू द्यावा, हे सोबतचे बोजे जुन्या कर्नलांचे, ते काढले तर एकशेचाळीस मेगाबाइट मोकळे. दोन्ही काढले. पॅकेज व्यवस्थापकाला, म्हणजे कार्यक्रम बसवणाऱ्या-काढणाऱ्या साधनाला, विचारून नव्हे, सरळ हाताने.

मग ‘अपडेट-ग्रब’ चालवले. ग्रब हा सुरुवातीला कर्नल निवडायची यादी दाखवणारा कार्यक्रम आहे; त्याची यादी नव्याने लिहिली की सगळे जागच्या जागी बसते, असे माझ्या बोटांना वाटत होते. वर तीन ओळी आल्या आणि खाली ‘डन’ हा शब्द आला. त्या तीन ओळींविषयी पुढे सांगते. अर्धवट राहिलेला अपग्रेड तसाच अर्धवट होता, नव्या कर्नलाची इनिटआरडी जागेअभावी तयारच झाली नव्हती. पण शेवटी ‘डन’ दिसल्यावर वरचे कोण वाचतो? मी रीस्टार्ट केला.

पुण्याला धाकट्या भावाला फोन लावला. तो याच कामात असतो.

‘ताई, आधी रडू नकोस. शेवटची ओळ जशीच्या तशी वाच.’

‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक, कंसात शून्य स्वल्पविराम शून्य.’

‘बरं. आता यादीत जाऊन जुना कर्नल निवड.’

जुन्या कर्नलांसाठी ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ असे उपदालन असते, आणि अपग्रेड फसला तर पहिला उपाय हाच, कारण नवा कर्नल येताना जुन्याला घालवत नाही. मी पहिला जुना निवडला. तीच ओळ, तोच दिवा. दुसरा निवडला. तेच.

फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्याने विचारले, ‘तू काही डिलीट केलंस का गं?’

त्या रात्री ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की तिचा एकेक शब्द सुटा होऊन माझ्यासमोर आला. अनुवाद करणाऱ्याला हा रोगच असतो. ‘पॅनिक’ या शब्दाने घाबरायला होते, पण मजकूर तसा घाबरलेल्याचा नाही, हिशेबी माणसाचा आहे. ‘नॉट सिंकिंग’ या शब्दांत तर एक जुना शहाणपणा आहे. एरवी कर्नल डिस्कवर लिहायचा मजकूर थोडा वेळ स्मृतीत धरून ठेवतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. पण जेव्हा त्याच्या स्वतःच्या कारभारातच काही मोडते, तेव्हा तो जाहीर करतो की आता मी डिस्कवर काहीही उतरवणार नाही, कारण माझ्याच हिशेबावर माझा भरवसा राहिलेला नाही. १९९१ मध्ये लिनुस टॉरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या सुरुवातीच्या कर्नलातही हे ‘नॉट सिंकिंग’ आहे, म्हणजे हा संकोच जवळजवळ लिनक्सइतकाच जुना आहे. ज्या माणसाला आपण शुद्धीवर नाही हे कळते आणि जो अशा वेळी वहीला हात लावत नाही, त्याच्या हाती वही सोपवायला हरकत नसावी.

‘व्हीएफएस’ म्हणजे निरनिराळ्या फाइल-व्यवस्थांना एकाच तोंडाने बोलायला लावणारा कर्नलातला थर. त्याला मूळ फाइल-व्यवस्था, म्हणजे जिथे सगळे घर आहे ती जागा, जोडता आली नाही. आणि ‘शून्य, शून्य’ हे उपकरणाचे दोन क्रमांक, एक जातीचा आणि एक त्या जातीतल्या नगाचा. दोन्ही शून्य याचा अर्थ डिस्क खराब आहे असा नाही. कर्नलाला डिस्क नावाची वस्तूच दिसलेली नाही. भावाच्या सांगण्यावरून मी ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ओळीतला ‘क्वाएट’ हा शब्द खोडला, म्हणजे कर्नल मनातले सगळे मोठ्याने बोलू लागतो, आणि पुन्हा सुरू केले. या वेळी पॅनिकच्या थोडे वर आणखी एक वाक्य नीट दिसले: कृपया योग्य ‘रूट’ द्यावे, उपलब्ध पार्टिशनांची यादी पुढे देत आहे. आणि पुढे यादी नव्हती. सौजन्याने ‘पुढीलप्रमाणे’ म्हणून पुढे कोरे सोडलेले ते वाक्य पाहून मला सरकारी पत्रांची आठवण झाली. ‘सोबत जोडले आहे’ म्हणतात आणि जोडलेले काही नसते.

यादी कोरी का? याचे उत्तर समजले तेव्हा मी कोणता मूर्खपणा केला होता तेही समजले.

डिस्क वाचायची तर तिचा चालक, म्हणजे ड्रायव्हर लागतो. फाइल-व्यवस्था समजून घ्यायची तर तिचा वेगळा. कूटबद्ध डिस्क उघडायची तर त्याची निराळी साधने. डेबियनचा कर्नल जगातल्या हरतऱ्हेच्या यंत्रांवर चालावा लागतो, म्हणून हे सगळे ड्रायव्हर त्याच्या पोटात कोंबलेले नसतात. ते सुट्या मोड्यूलांच्या रूपात ठेवलेले असतात. कुठे? डिस्कवर. म्हणजे डिस्क उघडायची किल्ली डिस्कच्याच आत. कपाटाला कुलूप लावून किल्ली कपाटात ठेवल्यासारखी ही गत आहे, आणि ज्या घरात हे एकदा घडलेले असते त्या घरात मग एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची पद्धत पडते. इनिटआरडी, किंवा आजच्या खऱ्या नावाने इनिट्रॅमएफएस, ही शेजाऱ्यांकडची किल्ली आहे. एक छोटेसे, दाबून बांधलेले तात्पुरते घर: त्यात अत्यावश्यक ड्रायव्हर, डिस्क शोधणारे काही कार्यक्रम, पासफ्रेज विचारणारा एक. ग्रब कर्नल आणि हे गाठोडे दोन्ही स्मृतीत ठेवतो. कर्नल जागा होऊन गाठोडे सोडतो. गाठोड्यातली मंडळी खरी डिस्क शोधून, उघडून, जोडून देतात. आणि मग त्या तात्पुरत्या घरातले सामान पुसून टाकले जाते, अडलेली स्मृती मोकळी होते आणि खरा कारभार सुरू होतो. हे सगळे दोन-चार सेकंदांत. आमच्या गल्लीत पहाटे येऊन पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणारा माणूस मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. पाणी येत नाही त्या दिवशी मात्र सगळी गल्ली त्याचे नाव विचारत फिरते.

आणि मी तीनही कर्नलांचे गाठोडे घालवून बसले होते. नव्याचे जागेअभावी झालेच नव्हते, जुन्यांचे मी स्वहस्ते काढले होते. ज्याला मी करवली समजत होते तिच्याशिवाय नवरदेवाला मांडवाचे दारच सापडत नव्हते.

अपडेट-ग्रबच्या त्या तीन ओळी आता आठवल्या. एरवी तिथे ओळी जोडीने येतात: ‘लिनक्स इमेज सापडली’, लगेच खाली ‘इनिटआरडी इमेज सापडली’. त्या रात्री तीन कर्नलांच्या तीन ओळी होत्या आणि एकीखालीही जोडीदार नव्हता. ग्रबने काही लपवले नव्हते. त्याला जे सापडले ते त्याने लिहिले, आणि जे सापडले नाही त्याबद्दल तो बोलत नाही.

टॉरवाल्ड्स यांच्या पहिल्या दिवसांत हा पेच नव्हता. १९९१ च्या अखेरच्या ०.११ या आवृत्तीत मूळ पार्टिशनचा पत्ता बूटच्या कोडमध्येच आकड्यात लिहिलेला होता, म्हणजे दुसऱ्या हार्ड डिस्कवरचे पहिले पार्टिशन, आणि डिस्कचा ड्रायव्हरही कर्नलाच्या आतच होता. दुसऱ्या कुणाला तो चालवायचा असेल तर त्याने तो आकडा बदलून घ्यावा. एका घराचा कर्नल होता तोवर त्याला घर पाठ होते. जगभरच्या घरांत जायला लागल्यावर त्याला कुठलेच घर पाठ ठेवता येईना, आणि प्रत्येक दारात आधी वाट विचारणारा वाटाड्या आला.

पत्ता कर्नलात किंवा फाइलीत कोरून ठेवण्याचा एक फटका मी कॉलेजात असताना, २००७ मध्ये खाल्ला होता. तेव्हा कर्नलने आयडीई या जुन्या जोडणीच्या डिस्कांचा कारभार नव्या ड्रायव्हरांकडे दिला आणि वर्षानुवर्षे ‘एचडीए’ म्हणवणारी डिस्क एका सकाळी ‘एसडीए’ झाली. डिस्क तीच, केबल तीच, नाव बदललेले. आणि माझ्या फाइलींत जुने नाव. लग्नानंतर माहेरच्या नावाची पत्रे परत जावीत तशी अवस्था. त्यानंतर डिस्क नावाने नव्हे, तिच्यावर कोरलेल्या यूयूआयडी या लांबलचक ओळखक्रमांकाने शोधायची पद्धत सर्वत्र रुळली, आणि तो रोग जवळजवळ गेला.

आता उपाय. भाऊ म्हणाला, पेनड्राइव्हवरून दुसरा डेबियन चालू कर, त्यातून तुझ्या डिस्कच्या आत जा आणि गाठोडे पुन्हा बांध. सुदैवाने असा एक पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये, दोन संपलेल्या सेलांच्या आणि एका राखीच्या शेजारी सापडला. तो लावल्यावर ओळखीचा डेस्कटॉप आला, फाइलींच्या खिडकीत माझी डिस्क दिसली, तिच्यावर क्लिक केल्यावर पासफ्रेज विचारली गेली, आणि माझी सगळी कागदपत्रे जशीच्या तशी समोर आली. सहा वर्षांचे अनुवाद, बाबांच्या पेन्शनची स्कॅन केलेली पाने, सगळे. घरातले सारे जागेवर होते. दारच तेवढे उघडत नव्हते.

मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, डिस्क जोडली, तिच्या आत बूटचे पार्टिशन जोडले, पेनड्राइव्हवरच्या कर्नलाच्या ‘देव’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ या खिडक्याही आतून दिसतील अशा लावल्या, आणि ‘सीएचरूट’ करून आत शिरले. ही एक विलक्षण अवस्था आहे: कर्नल बाहेरचा, पण पायाखालची जमीन आपल्या घरची. अर्धवट राहिलेला अपग्रेड पूर्ण करायची आज्ञा दिली. आता जागा होती, त्यामुळे नवी इनिटआरडी तयार झाली, शंभर मेगाबाइटच्या वर. अपडेट-ग्रबने या वेळी तिच्यासाठी जोडीने ओळी दिल्या. मधे एक इशाऱ्याची ओळ सरकून गेली. मी ती पाहिली आणि, सांगायला लाज वाटते, जाऊ दिली. रात्रीचा दीड वाजला होता.

रीस्टार्ट. पॅनिक नाही! पण पासफ्रेजही विचारली नाही. ‘व्हॉल्यूम ग्रुप सापडला नाही’, म्हणजे कुलपामागची जागा दिसत नाही, ही ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली, जवळजवळ अर्धा मिनिट, आणि मग मूळ उपकरण अस्तित्वात नाही असे सांगून यंत्राने मला एका उघड्या प्रॉम्प्टवर आणून सोडले, ज्याच्या कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ असे लिहिले होते. मी पहिल्यांदाच त्या तात्पुरत्या घराच्या आत उभी होते. ‘एलएस’ म्हणून आतली यादी मागितली, दहाबारा फोल्डर, सगळे जेमतेम. भावाला जागेच ठेवले होते. तो म्हणाला, ‘हे चांगलं आहे. मघाशी व्हॉल्व्हवाला आलाच नव्हता. आता आलाय, फक्त पाना विसरलाय.’ (व्हॉल्व्हवाल्याची उपमा मी तोवर त्याला ऐकवली होती.)

पाना का विसरला, तर ती सरकून गेलेली ओळ. मी डिस्क माउसने उघडली तेव्हा त्या डेस्कटॉपने उघडलेल्या डिस्कला स्वतःच्या रीतीचे एक लांब नाव दिले होते. माझ्या यंत्राच्या कुलपांची नोंद असलेल्या ‘क्रिप्टटॅब’ या फाइलीत मात्र तिचे वेगळे, २०१९ पासूनचे नाव होते. गाठोडे बांधणारा कार्यक्रम पाहतो की मूळ घर कोणत्या नावाच्या कुलपामागे आहे, आणि ते नाव क्रिप्टटॅबमध्ये शोधतो. नाव जुळले नाही, म्हणून त्याने कुलूप उघडायची साधने आत ठेवलीच नाहीत, आणि तसे इशाऱ्यात स्वच्छ सांगितले. पुन्हा पेनड्राइव्ह, पुन्हा टर्मिनल. या वेळी डिस्क हाताने, क्रिप्टटॅबमधलेच नाव देऊन उघडली, आणि गाठोडे पुन्हा बांधले. इशारा आला नाही. एक ओळही न आल्याचा इतका आनंद मला क्वचितच झाला असेल. सव्वादोनला पासफ्रेज विचारणारी ओळ आली, मी ती टाइप केली, पहिल्यांदा चुकवली, दुसऱ्यांदा बरोबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेबियन १३ च्या प्रकाशनासोबतच्या सूचना उघडल्या. तिथे साध्या शब्दांत लिहिले होते की कर्नल आणि फर्मवेअर यांचा आकार वाढला आहे. तुमचे यंत्र डेबियन १० किंवा त्याआधी बसवलेले असेल तर बूटचे पार्टिशन अपुरे पडण्याची दाट शक्यता आहे. ते निदान ७६८ मेगाबाइटचे असावे आणि त्यात सुमारे ३०० मेगाबाइट मोकळे असावेत. माझे २३६. माझ्या यंत्राची कुंडलीच कुणीतरी मांडून ठेवली होती. मी स्वतः अनुवादकांच्या कार्यशाळेत ‘आधी सूचना पूर्ण वाचा’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिते, हे भावाला माहीत आहे. त्याने ते बोलून दाखवले नाही. त्याने मला त्या सूचनांचा दुवा पाठवला आणि खाली हात जोडलेले चित्र.

सगळ्यांचे दुखणे माझ्यासारखेच असेल असे नाही. कुणाचा नवा कर्नल सुरू होतो पण पडदा काळाच राहतो, कारण बाहेरून बसवलेला ग्राफिक्स ड्रायव्हर नव्या कर्नलासाठी पुन्हा बांधला गेलेला नसतो. कुणाला सिक्युअर बूट ही सुरक्षाव्यवस्था सही नसलेला कर्नल चढवू देत नाही. पण कर्नल ‘शून्य, शून्य’ म्हणत असेल, तर डिस्क पुसून नव्याने सगळे बसवायच्या आधी गाठोडे जागेवर आहे का, हे पाहायला एक मिनिट लागते.

बूटचे पार्टिशन वाढवायचे तर शेजारचे कुलूपबंद पार्टिशन सरकवावे लागेल. तो उद्योग मी दिवाळीच्या सुट्टीवर ढकलला आहे. तोवर इनिट्रॅमएफएसच्या मांडणीत ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’ लिहिले, म्हणजे जगातल्या बहुतेक यंत्रांचे ड्रायव्हर न भरता फक्त या यंत्राला लागणारेच भरायचे. गाठोडे शंभरावरून चाळीसच्या आत आले. यातला तोटा कळूनच मी हे केले: उद्या ही डिस्क काढून दुसऱ्या यंत्रात घातली तर ते कदाचित सुरू होणार नाही. मग एका जुन्या कर्नलाचीही इनिटआरडी नव्याने करून घेतली, दुसरा जुना कर्नल या वेळी पॅकेज व्यवस्थापकाकरवीच रीतसर काढला आणि अपडेट-ग्रब चालवले. चार ओळी आल्या. दोन जोड्या. मी त्या बोट ठेवून वाचल्या.

‘क्वाएट’ हा शब्द मी कायमचा काढून टाकला आहे. त्यामुळे आता यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकत जातात: डिस्क दिसली, मूळ घर जोडले, पुढच्याला हाक मारली. बाजूने जाताना आईने ते पाहिले आणि ती थांबली.

‘परत बिघडला का गं?’

‘नाही, बोलतोय.’

‘मग बोलू दे,’ म्हणाली, आणि कुकर लावायला गेली.